गोदामाची माडी

देवपूर, धुळे
रविवार, चैत्र वद्य, १९७५

प्रिय प्रेमू,

तुझं पत्र बुधवारी कॉलेजच्या पत्त्यावर आलं. शिपायाने ते तास चालू असतानाच आणून दिलं, आणि एरवी मुलांनी नुसती कुजबुज केली तरी रागावणारी मी फळ्याकडे तोंड करून ते वाचत उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई गणितात अडकल्या. तुझं लग्न ठरल्याचं मला तुझ्याकडूनच कळलं. धुळ्यात आपल्या समाजाची घरं कमी नाहीत, पण ती माणसं रस्त्यात भेटली की उन्हाबद्दल बोलतात आणि पुढे जातात. आपल्या जळगावच्या घरची बातमी मला सांगावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नसावं. मालेगावचं घर, सुरेशचंद नाव, वकिलीची परीक्षा झालेला मुलगा, हे सगळं वाचून बरं वाटलं. पण तू पुढे लिहिलंस ना, 'भुआ, ते समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतात', ते वाचून मी खरी निश्चिंत झाले. तेवढं असलं की बाकीचं निभतं.

आज सुट्टी आहे. खिडकीतून पांझरा दिसते, म्हणजे पांझरेची वाळू दिसते. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मंदाबाई सकाळी कैरीचं पन्हं देऊन गेल्या आणि जाताना नेहमीचंच बोलल्या, "बाई, रविवारी तरी कोणाकडे जात जा हो." मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते विचारणं सोडलं नाही आणि मी हो म्हणणं सोडलं नाही. मग दार लावून तुला लिहायला बसले. घरात आपण मारवाडी बोलतो, तू मला आत्या न म्हणता भुआ म्हणतेस, पण तुला पत्र मराठीतच लिहिते, कारण 'माझी मांजर' हा तुझा पहिला निबंध मी तपासला होता आणि तेव्हापासून तुझं-माझं खरं बोलणं मराठीतच झालंय.

तू विचारलंस, 'भुआ, पप्पांचं आणि तुझं काय बिनसलं ते मला कोणी सांगत का नाही? पप्पा म्हणतात, भुआला पुस्तकांनी वेड लावलं. आणि विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते.' तू तेव्हा लहान होतीस, त्या दिवशी शाळेत होतीस. आता तू दुसऱ्या घरी जाणार, तर जाण्याआधी हे तुला माहीत असलेलं बरं. आणि ते माझ्या तोंडून कळावं, पण तुझ्या वडिलांवर अन्याय न होता.

म्हणून आधी त्यांच्याबद्दल. अमळनेरला माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत माझे यजमान विषमज्वराने गेले. मी जळगावला माहेरी परत आले तेव्हा सतरा वर्षांची होते. बाबूजींनी मला घरात ठेवून घेतलं, पण पुढे काय, हे त्यांना सुचत नव्हतं. नात्यातल्या बायका मला सामायिकाच्या ध्यानाला बसवायच्या आणि उपासांचं शिकवायच्या. नेमीचंदभाई, म्हणजे तुझे पप्पा, तेव्हा स्वतःच पोरगेले होते, मिसरूडही नीट फुटली नव्हती. ते बाबूजींसमोर उभे राहून म्हणाले, "कुसुमला हिशेब माझ्यापेक्षा चांगले येतात. तिला कॉलेजात घाला." बाबूजी चंपालालजींसमोर तोवर घरात कोणी असं उभं राहून बोललं नव्हतं. मी जळगावला शिकले, मग पुण्याला शिकले, आणि धुळ्याला नोकरी लागली तेव्हा टांगा मिळेना म्हणून माझी ट्रंक खांद्यावर घेऊन भाईसाहेब स्टँडपासून देवपुरापर्यंत चालत आले. नदीच्या पुलावर त्यांनी ती खाली ठेवली, घाम पुसला आणि विचारलं, "काय गं, गणित इतकं जड असतं?" प्रेमू, पुढचं सगळं वाचताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेव.

आता गणिताचं सांगते, तुला कळेल असं. धुळ्याच्या तंत्रनिकेतनात गणित शिकवायला माणूस नव्हता, म्हणून आठवड्यातून काही तास मला तिकडे पाठवायचे. तिथे बोरसे सर नावाचे स्थापत्य विभागाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे सिमेंट-काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं एक यंत्र होतं. ठोकळा यंत्रात ठेवायचा, हळूहळू दाब वाढवायचा आणि तो किती दाबाला फुटतो ते लिहायचं. सरांचा मदतनीस झिपरू ते काम करायचा. मला पहिल्यांदा तिथे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, दगड फोडाले बी इतलं शिकनं पडस का?" मी हसले, आणि मग तिथे रोज जायला लागले.

बोरसे सरांना एक गोष्ट सतावत होती. ठोकळा फुटेपर्यंत दाबायचा नाही, थोडा आधीच थांबायचं आणि दाब काढून घ्यायचा. बाहेर काढून पाहिला तर ठोकळा धडधाकट. चीर नाही, कोपरा उडालेला नाही. पण तोच ठोकळा पुन्हा यंत्रात घातला की तेवढ्याच दाबाला तो पहिल्यापेक्षा जास्त दबायचा. आणि बराच वेळ दाबाखाली ठेवला तर आणखीच. म्हणजे आत काहीतरी झालेलं असायचं. खडी आणि सिमेंट जिथे एकमेकांना धरून असतात तिथे केसाहून बारीक भेगा पडतात, आणि दाब काढला की त्या मिटतात, पण जुळत नाहीत. सरांकडे आकडे होते, ते आकडे बांधणारं समीकरण नव्हतं. ते मी शोधायला लागले.

रशियातल्या एका संशोधकाने तापलेल्या धातूंसाठी एक कल्पना मांडल्याचं माझ्या वाचनात आलं होतं. पदार्थ आतून किती गेलाय, यासाठी एक संख्या धरायची. अगदी नवा असला तर शून्य, पुरता तुटला तर एक. मी तिला मराठीत 'क्षती' म्हणायला लागले. कापसाची गाठ उचलणारे आठ हमाल आहेत असं समज. त्यातला एक हळूच बाजूला झाला तर गाठ खाली येत नाही, पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण उरलेल्या सातांवर जास्त वजन येतं, म्हणून पुढचा जरा लवकर थकतो. मग सहा उरतात, आणि ते त्याहून लवकर थकतात. क्षती अशीच वाढते, आधी इतकी सावकाश की मोजताही येत नाही, आणि शेवटी एकदम. ती कमी मात्र कधी होत नाही. हे सगळं मी एका समीकरणात बसवलं, आणि झिपरूने फोडलेल्या ठोकळ्यांचे आकडे त्यात बसले. त्या दिवशी मला कोणालातरी सांगावंसं वाटलं. बोरसे सर पिंपळनेरला सासुरवाडीला गेले होते. मी घरी आले, मंदाबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "चांगलं झालं हो," आणि मला गूळ दिला.

आता आपलं गोदाम. स्टेशनकडच्या रस्त्यावरचं, तू कितीदा तिथे सरकीच्या ढिगावर लोळली आहेस. खाली सरकी आणि शेंगा ठेवायच्या, वर माडीवर हलका माल, अशा हिशेबाने बाबूजींनी ते बांधून घेतलं होतं. त्या वेळी जळगावात काँक्रीटच्या स्लॅबचं गोदाम म्हणजे लोक पाहायला यायचे. पासष्ट साली लढाई झाली आणि मालगाडीच्या वाघिणी मिळेनात. कापूस तर पिकलेला, गाठी बांधून तयार. भाईसाहेबांनी त्या माडीवर रचल्या, छतापर्यंत, आणि त्या हिवाळाभर आणि पुढे होळीपर्यंत तिथेच राहिल्या. मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा खाली उभी राहून वर पाहिलं. मधला बीम किंचित वाकलेला होता. मी दोन्ही भिंतींना खिळे मारून एक दोरा ताणून बांधला आणि बीम त्याच्या किती जवळ आलाय ते मोजलं. भाईसाहेब हमालांना म्हणाले, "बघा, आमची प्रोफेसर गोदामाला ताप आलाय का बघतेय." सगळे हसले, मीही हसले. मग दर सुट्टीला आले की मी मोजायची. होळीनंतर माडी रिकामी झाली, बीम वर आला, पण सगळा वर आला नाही.

पुढच्या साली पुन्हा पीक चांगलं. डिसेंबरात मी रविवारी आले, तर माडी जेमतेम अर्धी भरली होती आणि बीम गेल्या वर्षी माडी गच्च भरल्यावर जिथे होता तिथे आधीच पोचला होता. मी पुन्हा मोजलं. मग तिथेच शेंगांच्या पोत्यावर बसून आकडेमोड केली. गणिताने मला तारीख सांगितली नाही. ते तारीख सांगत नाही. पण आता क्षती सावकाशीचा भाग ओलांडून गेली आहे, आणि माडी भरली तर हा हंगाम निघणार नाही, एवढं त्यात स्पष्ट होतं. खाली सरकी चाळणाऱ्या बायका बसायच्या, तानुबाई आणि तिच्या सोबतिणी, त्या बरोबर बीमच्या खाली, कारण तिथे दारातून उजेड येतो.

मी भाईसाहेबांकडे गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हे खरं आहे. मग शांतपणे म्हणाले, "कुसुम, गेल्या साली ह्याच माडीने पाच महिने याहून जास्त माल पेलला. आम्ही तिची परीक्षा घेतली, ती पास झाली. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, "भाईसाहेब, त्या परीक्षेनेच ती अर्धी गेली आहे."

ते म्हणाले, "चीर दाखव."

प्रेमू, माझ्याकडे दाखवायला चीर नव्हती. बीमवर दोन-चार बारीक रेघा होत्या, चुन्याखाली दिसायच्याही नाहीत. ज्या ठेकेदाराने गोदाम बांधलं होतं तो येऊन टाचेने माडीवर ठोकून गेला आणि म्हणाला, "शेठ, हत्ती चढवा." बाजारात भाव चढत होता, माल बाहेर उघड्यावर पडला होता, आणि बहिणीजवळ एक दोरा आणि ग्रीक अक्षरं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची बस पकडली नाही. गोदामात गेले आणि माडीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. जिना तुला माहीत आहे, एका माणसापुरता. हमाल गाठी घेऊन आले आणि थांबले. मुकादम तोताराम म्हातारा माणूस, त्याने मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. तो हात जोडून म्हणाला, "अक्का, उठा वं. शेठ आमले कामवरतून काढी टाकतीन." मी म्हटलं, "तोतारामभाऊ, तुम्ही वर जाल आणि माडी खाली येईल, म्हणून बसलेय." त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसला असं नाही, पण त्याने गाठ खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या.

बातमी बाजारात जायला वेळ लागत नाही. दुकानांतून माणसं उठून आली. चंपालालजींची विधवा मुलगी गोदामात हमालांच्या वाटेत बसलीय, हे पाहायला कोण येणार नाही? भाईसाहेब आले. गर्दीसमोर ते मला ओरडले नाहीत. खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कुसुम, घरी चल. तुला शिकवलं त्याचं हे बक्षीस देऊ नकोस." मी पायरी धरून बसले होते. मला वाटलं, आता उठावं. खरंच वाटलं. मला ती ट्रंक खांद्यावर घेतलेले भाईसाहेब दिसत होते. मी म्हटलं, "तानुबाईला आणि बाकीच्या बायकांना बाहेर काढा, मग मी उठते." ते म्हणाले, "म्हणजे माझं गोदाम पडणार, असं मीच गावाला सांगू?"

आणि तेव्हा तुझी आई आली.

तू तिला ओळखतेस त्याच्या आधीची ती. लाडकुंवरभाभी तोवर बाजाराच्या रस्त्याने कधी पायी गेली नव्हती. देरासरात दर्शनाला जायची तीही टांग्याचा पडदा सोडून. कोणी सांगितलं तिला, मला माहीत नाही. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून ती गर्दीतून सरळ चालत आली, माणसं बाजूला झाली, आणि ती माझ्या शेजारी त्या पायरीवर बसली. पायरी इतकी अरुंद की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी तिला कधी गणित समजावलं नव्हतं. तिचा हात माझ्या हाताशी होता आणि तो गार पडला होता, एवढं मला आठवतं.

घरची सून बाजारात हमालांसमोर बसलेली पाहून भाईसाहेबांचा चेहरा बदलला. ते मागे वळले आणि तोतारामला म्हणाले, "गाठी गाडीवर चढवा. माडीवरच्याही उतरवा. नशिराबादला न्या." नशिराबादला एका ओळखीच्या व्यापाऱ्याची पत्र्याची शेड होती. दिवस मावळेपर्यंत बैलगाड्यांची रांग चालू होती. तुझी आई शेवटची गाठ उतरेपर्यंत पायरीवर बसून राहिली, आणि मग घरी जाऊन तिने चूल पेटवली.

आणि मग काय झालं? काहीच झालं नाही. हेच तर आहे, प्रेमू. माडी पडली नाही. रिकामी माडी कशाला पडेल? ती उभी राहिली, पुढचं साल, त्याच्या पुढचं साल, आणि ती जितके दिवस उभी राहिली तितके दिवस मी खोटी ठरत गेले. नशिराबादच्या शेडमध्ये अवकाळी पावसात माल भिजला आणि त्याची बोलणी भाईसाहेबांनी ऐकली. पण त्यांना ते लागलं नाही. माझ्यामुळे त्यांची बायको बाजारात बसली, हे लागलं. त्यानंतरच्या राखीपौर्णिमेला मी गेले. त्यांनी हात पुढे केला, मी राखी बांधली, त्यांनी ओवाळणी ठेवली, आणि ते पेपर वाचायला लागले. पुढच्या साली मी राखी पोस्टाने पाठवली. ती परत आली नाही, पण पत्रही आलं नाही. तुझी शाळेतली पत्रं येत राहिली, ती तुझी आई टपालात टाकायची असा माझा अंदाज आहे.

समीकरणाचं म्हणशील तर तो लेख एका संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी 'आमच्या बाईंचा सिमेंटवरचा निबंध' म्हणून उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या. रुडकीहून एका तरुण प्राध्यापकाचं पत्र आलं, त्याला एक पायरी समजली नव्हती. मी त्याला आठ पानी उत्तर पाठवलं. त्याचं आभाराचं कार्ड आलं आणि मग नाही. बोरसे सरांची बदली झाली, यंत्र गंजलं, झिपरू मिलमध्ये लागला. आता कधी कधी संध्याकाळी नदीकाठाने फिरताना मी मनात कोणाशी तरी त्या समीकरणाबद्दल बोलत असते, आणि लक्षात येतं की समोरचा माणूस मी बनवलेला आहे, त्याला चेहराही नाही. आणि तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. काही वर्षं मला असं वाटायचं की ती माडी एकदा पडावी. रिकामी असताना, दुपारी, आसपास चिमणीही नसताना पडावी, आणि भाईसाहेबांनी येऊन त्या ढिगाकडे पाहावं. मग ते वाटणंही गेलं. आता मला बरोबर ठरायचं नाही. मला रविवारी जळगावला जाऊन तुझ्या आईच्या हातची कढी प्यायची आहे, आणि भाईसाहेबांनी पेपर खाली ठेवायला हवा आहे.

हे सगळं तुला भेटल्यावरही सांगता आलं असतं. आज घाईने लिहायला बसले ते तुझ्या पत्रातल्या एका परिच्छेदामुळे, जो तू गंमत म्हणून लिहिलास. वैशाखाचं ऊन म्हणून पंगती गोदामाच्या माडीवर बसणार, वाळ्याचे पडदे लावणार, वरातीची माणसं धरून सगळा गाव एकदम जेवणार, आणि खाली बायका-मुलांची सोय. गेले दोन हंगाम पप्पांनी वर पुन्हा थोड्या थोड्या गाठी भरल्या आणि काही झालं नाही, भुआ, तू उगाच घाबरायचीस, असंही तू लिहिलंस. आणि पुढे लिहिलंस की खालचं मोठं दार आजकाल लागतच नाही, वरून अडकतं, म्हणून सुताराने दोनदा रंधा मारला, आणि बीमचा चुना पडतोय तो रंगारी बुजवतोय. प्रेमू, दार वाढलेलं नाही. वरचा बीम खाली आलाय, दाराच्या चौकटीवर टेकलाय. जेवायला बसलेल्या माणसांचं वजन गाठींहून कितीतरी कमी असतं, हे मला कळतं, आणि कदाचित माडी तेवढं पेलेलही. पण ती आता किती उरली आहे हे मला इथे बसून सांगता येत नाही, आणि पंगत उठताना शेकडो माणसं एकदम उठतात. म्हणून मी सांगते तसं कर. माझं नाव काढू नकोस. माझं नाव निघालं तर पंगत तिथेच होईल. पप्पांना सांग की तुला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली मांडव हवा, तिथे सकाळी लवकर जेवणं हवीत, मालेगावच्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, तुझ्या मैत्रिणींना उघड्यावर आवडतं. काहीही सांग, हट्ट कर, रड. त्यांनी तुझा हट्ट कधी मोडला नाही. गोदामाला त्या दिवशी कुलूप असू दे आणि खाली कोणी झोपायला नको. अगदीच ऐकलं नाही तर आईला एवढंच सांग की खालचं दार अडकतंय. तिला पुढचं सांगावं लागणार नाही. तू मला लिहिलंस, 'भुआ, तू आली नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही.' चढ. मी येणार नाही. मला मांडवात पाहिलं की भाईसाहेबांना हट्ट कोणाचा ते क्षणात कळेल, आणि ते हट्टाला पेटतील. लग्नानंतर तुमची मोटार धुळ्यावरूनच मालेगावला जाईल. पारोळ्याकडून रस्ता गावात येतो तिथे मी सकाळपासून उभी असेन. थांबू नका, नव्या सुनेने वाटेत गाडी थांबवलेली बरी दिसत नाही. फक्त डाव्या खिडकीशी बस आणि काच खाली ठेव. तू जाताना दिसलीस की मला सगळं कळेल.

तुझीच,
कुसुमभुआ